रानात राबायला जायचंय: वाचकांच्या पत्रांना उत्तरं

दुर्गम अभयारण्यांतल्या संवर्धन प्रकल्पांवर स्वयंसेवक म्हणून जाण्याविषयी तुमचे प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. काही प्रश्न एकमेकांत मिसळत होते, ते एकत्र केले आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत. अशा तळांवर स्वयंसेवकांची व्यवस्था पाहणं हे माझं बरीच वर्षं काम होतं. कासवांचे किनारे, समुद्रपक्ष्यांची बेटं आणि थोडं डोंगरातलं जंगल एवढं मी जवळून पाहिलं आहे, त्यातूनच ही उत्तरं देते आहे.

प्रश्न: मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. एका कासवांच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक हवे आहेत असं कळलं. मला यातलं काहीच येत नाही, तर मी तिथे ओझं होणार नाही का? आणि तिथे नेमकं काय करायला लावतात?

ओझं होणार नाहीस. त्या किनाऱ्यावरची कामं कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. जीवशास्त्राचा पदवीधरसुद्धा पहिल्या आठवड्यात तेच शिकतो जे तू शिकशील.

रात्रीची गस्त कशी असते ते सांगते. भरतीच्या रेषेजवळच्या घट्ट वाळूवरून दोघातिघांनी चालायचं, टॉर्च बंद ठेवून. थोड्या वेळात डोळे अंधाराला सरावतात. पाण्यातून वर येणाऱ्या मादीला उजेड दिसला किंवा हालचाल जाणवली तर ती अंडी न घालताच परत फिरते, म्हणून हा सगळा खटाटोप. वाळूत दोन्ही बाजूंना पायांचे ओरखडे आणि मध्ये पोटाची घसट असा रुंद माग दिसला, की सगळ्यांनी जागच्या जागी खाली बसायचं. जाणता माणूस एकटाच मागच्या बाजूनं, वाकून पुढे जातो आणि पाहतो की ती अजून खड्डा खणते आहे की अंडी घालायला लागली आहे. खणत असेल तर थांबायचं. पाऊस असो, डास असोत, थांबायचं. एकदा अंडी पडू लागली की ती सहसा विचलित होत नाही. मोजमाप, ओळखीसाठी पायाला लावायचा क्रमांकाचा बिल्ला आणि अंड्यांची मोजणी तेवढ्या वेळात उरकायची, लाल उजेडात आणि तिच्या डोळ्यांसमोर न येता.

कवचाची लांबी फितीनं मोजतात. दोनदा मोजायची. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. मधला आकडा बरा वाटतो म्हणून तो लिहायचा नाही.

घरटं भरतीच्या पाण्याखाली जाईल अशा जागी असेल, तर प्रकल्पप्रमुख अंडी वर हलवायचा निर्णय घेतात. तो निर्णय स्वयंसेवकानं कधीच घ्यायचा नाही. हे काम अंडी घातल्यापासून काही तासांतच व्हावं लागतं. नंतर भ्रूण कवचाच्या आतल्या पटलाला चिकटतो आणि अंडं फिरलं तर तो मरू शकतो. म्हणून अंड्याची वरची बाजू वरच ठेवून ते उचलायचं आणि तसंच ठेवायचं. नवा खड्डा मूळ खड्ड्याइतकाच खोल हवा, कारण खोली बदलली की वाळूचं तापमान बदलतं, आणि पिल्लू नर होणार की मादी हे तापमानावर ठरतं. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही मिसळून निपजतात, वाळू त्याहून गरम असली तर माद्या वाढतात, थंड असली तर नर. दमलेल्या माणसानं कंटाळून चार बोटं कमी खणलं तरी त्याचा परिणाम एका अख्ख्या घरट्यावर होतो.

तर तुला काय यायला हवं? अंधारात गप्प चालणं. सांगितलेली कृती आपल्या डोक्यानं न बदलता करणं आणि शंका आली तर ती दुसऱ्या दिवशी मोकळेपणानं विचारणं. पहाटे तीन वाजताही वाचता येईल असं अक्षर. आणि दमल्यावर 'दमलो' म्हणणं, कारण दमलेला माणूस अंडी मोजताना चुकतो आणि ती चूक नंतर कुणाला सापडत नाही.

कोस्टारिकातल्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर आर्ची कार या शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात हिरव्या कासवांना बिल्ले लावायला सुरुवात केली. ते काम अजून चालू आहे. इतक्या वर्षांच्या गस्ती मूठभर शास्त्रज्ञांना एकट्यानं जमल्याच नसत्या. तिथे रात्रीची वाळू तुडवणाऱ्यांमध्ये तुझ्यासारखी, पहिल्यांदाच कासव पाहणारी कितीतरी मुलं होती.

एक अट मात्र माझ्याकडून. निदान चार आठवडे देता येत असतील तरच जा. पहिला आठवडा शिकण्यात जातो, आणि तुला शिकवणारा माणूस तेवढा वेळ गस्तीतून कमी झालेला असतो.

प्रश्न: माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. एका बेटावर पक्ष्यांच्या प्रकल्पासाठी तीन महिने जायचं म्हणते. तिथे मोबाइलला रेंज नाही, बोट पंधरवड्यातून एकदा. तिला अडवावंसं वाटत नाही, पण माझी झोप उडाली आहे. जाऊ द्यावं का?

ताई, तुमची काळजी रास्त आहे. ती दाबून टाकू नका, तिचे प्रश्न करा आणि ते प्रकल्पाला विचारा. मुलीलाच विचारायला लावा. उत्तरं कशी येतात यावरून तळ कसा चालतो हे कळतं.

तळावरून मुख्य कार्यालयाशी रेडिओ किंवा सॅटेलाइट फोनवर ठरलेल्या वेळी रोज बोलणं होतं का? ती वेळ चुकली तर पुढे कोण काय करतं? कुणी जखमी झालं तर बाहेर काढायची सोय काय, हवामान चांगलं असताना किती वेळ लागतो आणि वाईट असताना किती? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं माणूस तळावर कायम असतं का? विम्यात बोटीनं किंवा हेलिकॉप्टरनं हलवण्याचा खर्च धरलाय का? राहायची व्यवस्था कशी आहे, तळावर आणखी बायका आहेत का? कुणी त्रास दिला तर तळप्रमुखाला वगळून तक्रार कुणाकडे करायची? आणि मुदत संपण्याआधी परत यायचं ठरवलं तर येता येईल का? शेवटच्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही, तर प्रकल्प कितीही नावाजलेला असो, मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

बाहेरच्यांना वाटतं की धोका जनावरांचा. तळ चालवणाऱ्यांची झोप उडवतात त्या निराळ्या गोष्टी: ओल्या खडकावरून घसरणं, लाटांमध्ये बोटीतून उतरणं, पाणी कमी पिणं, चिघळलेली छोटी जखम, दुखरा दात. निघण्याआधी तिला दातांच्या डॉक्टरकडे अवश्य न्या. पंधरवड्यातून एकदा बोट येणाऱ्या बेटावर दाढ दुखणं ही साधी गोष्ट राहत नाही. धनुर्वाताची लस, त्या भागातल्या आजारांप्रमाणे लागणाऱ्या इतर लसी, मलेरियाचा प्रश्न असेल तर गोळ्या, हे सगळं डॉक्टरांशी बोलून काही आठवडे आधी सुरू करावं लागतं, कारण काही लसींना एकापेक्षा जास्त मात्रा लागतात.

आणि तुमच्या-तिच्यात एक गोष्ट आधीच ठरू द्या. निरोप किती दिवसांनी येणार, आणि तो आला नाही तर किती दिवस थांबून कुणाला फोन करायचा. वादळात बोट चार-पाच दिवस लांबते, उपकरणाची बॅटरी उतरते. हे ठाऊक असलं की निरोप चुकलेल्या रात्री मनात येणारे विचार थोडे तरी आवरता येतात. तळाच्या कार्यालयाचा नंबर तुमच्याजवळ लिहून ठेवा, तिच्या फोनमध्ये असून उपयोग नाही.

प्रश्न: डोंगरातल्या एका राखीव जंगलात दोन महिने स्वयंसेवक होतो. ज्या रानमांजरासाठी प्रकल्प आहे, ते एकदाही दिसलं नाही. कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलल्या, तण उपटलं, पहाटे ठरलेल्या वाटेवर चालून 'काही नाही' असं लिहिलं, संध्याकाळी हजारो फोटो चाळले, त्यांत बहुतेक हलणारं गवत. माझे दोन महिने वाया गेले असं वाटतं. लोक विचारतात काय पाहिलंस, तर काय सांगू?

या अंकातलं सर्वांत मोठं उत्तर तुम्हाला देते आहे, कारण तुमच्यासारखी निराश होऊन परतलेली माणसं मी फार पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्यांनी काय करून ठेवलं हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

'काही नाही' ही नोंद आहे, पूर्ण नोंद. समजा, एका वाटेवर वर्षाकाठी शंभर फेऱ्या व्हायच्या आहेत. पहिल्या वर्षी त्यांतल्या तीस फेऱ्यांत ठसे किंवा विष्ठा मिळाली, सहाव्या वर्षी शंभरपैकी दहा फेऱ्यांत. जनावर कमी होत चाललंय हे इथे दिसतं, आणि ते दिसतं रिकाम्या हातानं परतलेल्या सत्तर आणि नव्वद फेऱ्यांमुळे. सगळ्यांनी फक्त मिळालेल्याच नोंदी लिहिल्या असत्या, तर एका वर्षाच्या वहीत तीस आणि दुसऱ्या वर्षाच्या वहीत दहा एवढंच उरलं असतं. मग प्राणी घटले की चालणारी माणसं घटली, हे कुणाला सांगता आलं असतं?

आणखी एक. दाट जंगलात लाजरं जनावर असूनही दिसत नाही. तुम्ही गेलात, नव्हतं. चार दिवसांनी दुसरा गेला, ठसा मिळाला. पुन्हा कुणी गेलं, काही नाही. एकाच जागी पुन्हापुन्हा जाऊन जमलेल्या अशा हो-नाहींच्या रांगेवरून, जनावर तिथे असताना ते नजरेतून निसटण्याची शक्यता किती, याचं गणित मांडता येतं. ते गणित झालं की किती जागांवर ते खरोखर नसावं याचा अंदाज धरता येतो. तुमच्या 'नाही'शिवाय ही रांगच तयार होत नाही.

यासाठी शून्य आणि कोरी जागा यांत घोळ होता कामा नये. शून्य म्हणजे गेलो, पाहिलं, नव्हतं. कोरी जागा म्हणजे गेलोच नाही. पावसानं फेरी रद्द झाली, ताप आला, ओढा ओलांडता आला नाही, तर तिथे शून्य लिहायचं नाही, कारण लिहायचं. मी नव्या मुलांना पहिल्या संध्याकाळी एवढं एक शिकवायचे, बाकीचं पुढच्या दिवसांवर सोडायचे.

तुम्ही एवढे आठवडे काही न दिसता प्रामाणिकपणे 'काही नाही' लिहीत राहिलात, याला मी फार मोल देते. दिवस असेच रिकामे जाऊ लागले की मन ओढ घेतं. चिखलातला फिसकटलेला ठसा हव्या त्या जनावराचा वाटू लागतो. एखादा उत्साही स्वयंसेवक तो तसा लिहून मोकळा होतो आणि त्या जागेवर नकाशात ठिपका पडतो. पुढे त्या ठिपक्याच्या भरवशावर कुणीतरी ठरवतं की इथे जनावर आहे, इथलं संरक्षण पुरेसं आहे. खात्री नसेल तिथे 'अनिश्चित' लिहून शेजारी पट्टी ठेवून फोटो काढणं, एवढंच आपलं काम.

कॅमेऱ्यांचंही तसंच. वाऱ्यानं हलणाऱ्या गवताचे हजार फोटो कुणीतरी एकेक करून बाजूला काढले, तेव्हाच त्यांतला एक ठिपकेदार कुशीचा फोटो हाती लागतो. अंगावरच्या ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी प्रत्येक जनावराची वेगळी असते, आणि डाव्या कुशीवरची उजवीशी जुळत नाही, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. बॅटरी बदलताना तुम्ही घड्याळ तपासलं असेल, समोरचं गवत कापलं असेल, तारखेची पाटी कॅमेऱ्यासमोर धरली असेल. ही पाटी धरायची राहिली आणि घड्याळ चुकीचं निघालं, तर जनावर कोणत्या वेळी फिरतं याबद्दल त्या महिन्याचे सगळे फोटो मुके होतात.

आता तण. हवाईच्या साखळीतल्या मिडवे बेटांवर लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची जगातली सर्वांत मोठी वसाहत आहे. तिथे सूर्यफुलाच्या कुळातलं एक बाहेरून आलेलं तण इतकं उंच आणि दाट माजलं, की जमिनीवर घरटी करणाऱ्या या पक्ष्यांना जागा उरेना. ते आटोक्यात आणायला वर्षानुवर्षं उपटावं, फवारावं लागलं, कारण फूल धरून बी पडलं की मातीत पुढच्या हंगामांची बेगमी होते. त्या कामात स्वयंसेवकांचे हात होते. त्याच बेटांवर दर हिवाळ्यात स्वयंसेवक वाकून, एकेका घरट्यावर खूण करत, सगळी वसाहत पायी मोजतात.

आणि तिथलीच एक मादी सांगते, कारण तिची गोष्ट नोंदींमुळेच आपल्यापर्यंत आली. १९५६ मध्ये चँडलर रॉबिन्स या पक्षिशास्त्रज्ञानं मिडवेवर एका प्रौढ अल्बट्रॉसच्या पायात क्रमांक असलेलं कडं घातलं. समुद्राच्या पाण्यानं कडी झिजतात, म्हणून तिचं कडं वेळोवेळी बदललं गेलं. २००२ मध्ये रॉबिन्स पुन्हा त्या बेटावर गेले, त्यांनी बऱ्याच पक्ष्यांची कडी तपासली, आणि मागच्या नोंदी लावत गेल्यावर कळलं की त्यांतली एक मादी त्यांनीच १९५६ मध्ये कडं घातलेली. तिला 'विस्डम' हे नाव पडलं. २०२४ मध्येही तिनं अंडं घातलं, तेव्हा तिचं वय सुमारे ७४ वर्षं होतं. मधल्या काळात कडं बदलणाऱ्या कुणीही जुना आकडा न लिहिता नुसता नवा लिहिला असता, तर ही सगळी साखळी तुटली असती. तो आकडा लिहिणाऱ्यांना त्या दिवशी काही विशेष पाहिल्यासारखं वाटलं नसणार. एका पक्ष्याचा पाय धरला, दोन आकडे लिहिले, पुढच्या घरट्याकडे वळले.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. काही प्रकल्प जाहिरातीत जनावराचा जवळून काढलेला देखणा फोटो टाकतात आणि खाली स्वयंसेवक हवेत म्हणून लिहितात. त्यात गवताचे फोटो चाळणं येत नाही, तण येत नाही. माणूस मग फोटोतलं जनावर पाहायला म्हणून जातो आणि तुमच्यासारखा मन मोडून परततो. हा त्या माणसावर अन्याय आहे.

लोकांना जे केलंत तेच सांगा, वाटेच्या लांबीसकट, कॅमेऱ्यांच्या जागांसकट. आणि प्रकल्पाला पत्र लिहून विचारा की तुमच्या फेऱ्यांच्या नोंदी कोणत्या अहवालात गेल्या. हा तुमचा हक्क आहे. चांगला प्रकल्प उत्तर देतो.

प्रश्न: बेटावर जाण्याआधी आमच्या बॅगा बंद खोलीत उघडायला लावल्या, बुटांच्या तळव्यांतली माती काडीनं काढायला लावली, जॅकेटची वेल्क्रोसुद्धा तपासली. एवढा बडेजाव खरंच लागतो का?

लागतो. न्यूझीलंडच्या दक्षिणेला बिग साउथ केप नावाचं बेट आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बोटींमधून उंदीर उतरले. १९६४ पर्यंत त्यांचा सुळसुळाट झाला. बुश रेन नावाचा चिमुकला पक्षी, तिथली पाणलाव्याची एक जात आणि मोठं आखूडशेपटी वटवाघूळ, तिघांचा शेवटचा आसरा ते बेट होतं. तिघंही गेली. दक्षिणी सॅडलबॅक हा पक्षी वाचला, कारण त्या वर्षी ३६ पक्षी पकडून शेजारच्या उंदीर नसलेल्या बेटांवर नेले. आज असलेला प्रत्येक दक्षिणी सॅडलबॅक त्या ३६ पक्ष्यांचा वंशज आहे.

उंदराची गाभण मादी बॅगेत मावते. बी तर वेल्क्रोत, मोज्यांच्या विणीत, खिशाच्या तळाशी बसून जातं. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावरून उंदीर घालवायला अनेक वर्षांची मोहीम लागली आणि २०१८ मध्ये ते उंदीरमुक्त जाहीर झालं. एवढं सगळं एका न तपासलेल्या पेटीनं परत मातीत जाऊ शकतं. बेडकांच्या तळ्यांवर काम असेल तर एका तळ्यातले ओले बूट धुऊन, निर्जंतुक करून, वाळवूनच दुसऱ्या तळ्यात घाला. कायट्रिड बुरशीनं जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्या आहेत, आणि तिचे बीजाणू पाण्यातून, ओल्या चिखलातून सहज प्रवास करतात.

तपासणाऱ्या माणसानं तुमची बॅग दुसऱ्यांदा उघडली तर त्याचे आभार माना.

प्रश्न: स्वयंसेवेसाठी पैसे का भरायचे? दोन प्रकल्प पाहिले. एक राहण्या-जेवणाचे पैसे घेतो आणि कामाची यादी कंटाळवाणी आहे. दुसरा जास्त पैसे घेतो, पण सिंहाच्या अनाथ पिल्लांना बाटलीनं दूध पाजायला, त्यांच्यासोबत फिरायला मिळतं. दुसराच बरा वाटतो.

दुसरा सोडून द्या. हे मी अगदी ठामपणे लिहिते आहे.

पहिल्यांदा पैशांबद्दल. दुर्गम तळावर एक माणूस वाढला की पाणी, धान्य, इंधन, बोटीतली जागा, शिकवणाऱ्याचा वेळ, सगळं वाढतं. तो खर्च मागण्यात गैर नाही. कुठे जातो हे विचारा. स्थानिक लोकांना पगारी काम मिळतं का, की तुम्ही फुकट करता म्हणून कुणाचा रोजगार बुडतो, हे त्याहून आधी विचारा. स्वयंसेवक नसतात त्या महिन्यांत काम कोण करतं? वन खात्याची किंवा संबंधित यंत्रणेची परवानगी आहे का?

आता पिल्लं. सिंहाची इतकी पिल्लं वर्षभर अनाथ कशी होतात, हा प्रश्न स्वतःला विचारा. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात सिंहांची पैदास करणारा मोठा धंदा उभा राहिला. त्यात पिल्लं आईपासून लवकर तोडतात, पर्यटक आणि पैसे भरणारे स्वयंसेवक त्यांना कुरवाळतात, पाजतात, मोठी झाली की त्यांच्यासोबत फिरतात. त्यानंतर त्यांतल्या अनेकांची रवानगी कुंपणातल्या शिकारीकडे आणि हाडांच्या व्यापाराकडे होत आली आहे. २०२१ मध्ये त्या देशाच्या सरकारनं नेमलेल्या समितीनं हा बंदिस्त सिंहांचा धंदा बंद करण्याची शिफारस केली. माणसाच्या हातावर वाढलेल्या अशा सिंहाला रानात सोडता येत नाही, त्यामुळे संवर्धनाचं नाव तिथे लागूच होत नाही. पाजणाऱ्या मुलांच्या मनात प्रेमच असतं, आणि त्या प्रेमावरच तो धंदा चालतो, याचं मला फार वाईट वाटतं.

जिथे रानटी जनावराला हात लावणं हे आमिष म्हणून दाखवलं जातं तिथे जाऊ नका. खऱ्या प्रकल्पावर पक्षी हातात धरणारा माणूस परवानाधारक असतो आणि तो पक्षी शक्य तितक्या लवकर सोडून देतो. कामाची कंटाळवाणी यादी छापणारा पहिला प्रकल्प तुमच्याशी खरं बोलतो आहे.

प्रश्न: वय ६१. आयुष्यभर हिशेब तपासनीस म्हणून काम केलं. गुडघे साथ देत नाहीत. माझ्यासारख्याचा काही उपयोग?

आहे, आणि तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. इंधनाचा साठा, औषधांच्या मुदती, बोटीनं काय मागवायचं, नोंदवहीतले आकडे संगणकात चढवल्यावर ताळा जुळतो का, ही कामं तळावर नेहमी मागे पडतात, कारण तरुण मुलं रानात असतात. एकाच पक्ष्याचं वजन दोन नोंदींत दहापट वेगळं आलंय हे तुमच्या डोळ्यांना लगेच खटकेल. अर्ज करताना हेच लिहा, गुडघ्यांबद्दलही स्पष्ट लिहा, आणि डॉक्टरांचा दाखला सोबत द्या.

चालावं कमी लागेल अशाही जागा आहेत. न्यूझीलंडमधलं टिरिटिरी मटांगी बेट शेतीनं उघडंबोडकं झालं होतं. १९८४ ते १९९४ या काळात स्वयंसेवकांनी तिथे अडीच लाखांहून अधिक झाडं लावली. त्यात शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे होते. आज तिथे एकेकाळी मुख्य भूमीवरून नाहीसे झालेले पक्षी नांदतात.

प्रश्न: दुर्मीळ जनावराचा फोटो मिळाला तर तो टाकावा का?

प्रकल्पप्रमुखाला विचारून, आणि जागेची माहिती काढून टाकून. फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश दडलेले असतात, आणि मागचा कडा किंवा झाड ओळखूनही माणसं पोचतात. दक्षिण चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि विक्रीसाठी पकडणाऱ्यांनी ती मूळ सापडलेल्या जागेवरून थोड्याच काळात नाहीशी केली. तिथे माहिती शास्त्रीय लेखातून फुटली होती. आपल्या फोटोला तर त्याहून कितीतरी जास्त डोळे मिळतात.

प्रश्न: सामानाची मोठी यादी मिळाली आहे. यादीत नसलेलं काही सुचवाल?

पेन्सिली. पेनाची शाई पावसात पसरते, थंडीत गोठते. पेन्सिल ओल्या कागदावरही उमटते. दोन पेन्सिली गळ्यात दोरीनं बांधा, दोन बॅगेत ठेवा, खोडरबर मात्र घरी राहू द्या. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते नंतर तपासणाऱ्याला दिसतं. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढा. आणि निघायच्या आदल्या दिवशी वही समन्वयकासोबत बसून पानोपान वाचून दाखवा. तुमच्या खुणा, तुमची लघुरूपं तेव्हाच विचारता येतात. बोट सुटल्यावर ते विचारायला कुणी उरत नाही.